मदत हवी आहे: नाशिक ते तनोट, बुलेटवर

डिसेंबरात मी आणि धाकटा भाऊ, दोन गाड्यांवर राजस्थानात पाकिस्तान सीमेजवळच्या तनोटला निघतोय. रस्ता साधारण ठरलाय: सापुतारा, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. तिथपर्यंत काळजी नाही. धाकधूक आहे ती पुढची. जैसलमेरहून रामगडमार्गे तनोट साधारण 120 किमी, मग लोंगेवाला करून परत. रामगडनंतर पेट्रोलवर कितपत भरवसा ठेवायचा? टाकी 13 लिटरची आहे, तरी पाच लिटरचा कॅन बांधावा का? (आईचं म्हणणं, कॅनपेक्षा अक्कल बांधा.)

दुसरं म्हणजे वाळू. रस्ता डांबरी असला तरी वाऱ्याने त्यावर वाळू येते म्हणतात. आपल्याला गोदाकाठच्या चिखलाची सवय. वाळूत पुढचं चाक वळवळलं की ब्रेक दाबायचा नाही एवढंच ऐकून माहीत. हवा किती कमी करता?

माझी चाकं तारांची, म्हणजे ट्यूब आलीच. मागे सापुताऱ्याच्या घाटात पंक्चर झालं तेव्हा मागचं चाक काढायला तासभर गेला, आणि ॲक्सलचा पाना घरीच राहिला होता. सोबत जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर, पायपंप घेतोय. अजून काय राहतंय?

सीमेजवळ प्रीपेड सिम चाललं का कुणाचं? जाऊन आलेल्यांनीच सांगा.