मदत हवी आहे : 'हीव्ह टू' केलेलं शिडाचं जहाज थांबतं कसं?

नमस्कार मंडळी,

शिडाच्या जहाजांच्या जुन्या नोंदवह्या वाचतोय. 'हीव्ह टू' हा शब्द त्यात सारखा येतो. कोशात 'जहाज थांबवणे' एवढाच अर्थ मिळाला, आणि तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. नांगर टाकलेला नाही, शिडंही सगळी उतरवलेली नाहीत, मग जहाज उभं राहतं कशाच्या जोरावर?

मला उमगलंय ते असं. आडव्या परबाणांच्या (शिडं टांगायच्या आडव्या काठ्यांच्या), तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर मधल्या डोलकाठीचं टॉपसेल, म्हणजे तळाच्या शिडाच्या वरचं शीड, असं फिरवतात, की वारा त्याच्या पुढच्या अंगावर आदळतो. ते शीड जहाजाला मागे रेटतं, पुढच्या डोलकाठीवरचं शीड पुढे ओढतं, आणि दोन्ही जोर एकमेकांना खाऊन टाकतात. होडी उतरवायला, पायलटला (बंदराची वाट दाखवणाऱ्या वाटाड्याला) वर घ्यायला किंवा शेजारून जाणाऱ्या जहाजाशी बोलायला हे उत्तम.

पण वादळाच्या नोंदींतही हाच शब्द दिसतो! डोलकाठीला आधार देणारे बहुतेक दोर बाजूने आणि मागून बांधलेले असतात. तुफान वाऱ्यात शीड उलटं धरलं तर ती मागे कोसळणार नाही का? कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा. हे कळल्याशिवाय पुढचं वाचवत नाहीये.

प्रतिसाद १

तुमची शंका अगदी रास्त आहे. वादळात शीड उलटं धरतच नाहीत. हेतू तोच, पण रीत वेगळी. बाकी शिडं गुंडाळून मधल्या डोलकाठीचं टॉपसेल पुरतं आखडतात किंवा एखादं लहान वादळी स्टेसेल (डोलकाठीच्या आधाराच्या दोरावर चढवलेलं तिकोनी शीड) ठेवतात, आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळेल असं सुकाणू बांधून टाकतात. जहाज वाऱ्याकडे वळतं, वेग संपला की सुकाणूची पकड सुटते आणि ते पुन्हा बाजूला पडतं. असंच हेलकावत, वाऱ्यासोबत आडवं वाहत राहतं. त्या एका शिडामुळे डोलणंही बरंच कमी होतं. एकही शीड न ठेवता नुसत्या काठ्यांवर पडून राहणं मात्र 'हीव्ह टू' नव्हे, त्याला 'लाय अहल' म्हणतात.

म्हणजे जहाज पूर्ण थांबत नाहीच. वारा ज्या बाजूला ढकलतोय तिकडे किनारा जवळ असेल, तर हा उपाय जिवावर बेततो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! डोलकाठीचं कोडं सुटलं. पण नोंद वाचताना दोन्हींतली कोणती रीत, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद २

दिशेचा रकाना बघा. वादळात पडून असलेल्या जहाजाची दिशा बहुधा जोडीने लिहिलेली असते : 'अप' म्हणजे नाळ वाऱ्याकडे जास्तीत जास्त कुठवर आली, आणि 'ऑफ' म्हणजे कुठवर बाजूला पडली. सोबत 'क्लोज-रीफ्ड' (पुरतं आखडलेलं) किंवा 'स्टॉर्म स्टेसेल' दिसलं, तर ती वादळातली रीत. 'मेन टॉपसेल टू द मास्ट' किंवा 'बॅक्ड' (दोन्हींचा अर्थ शीड उलटं धरलेलं) असं लिहिलं असेल, तर ते थोड्या वेळापुरतं थांबणं.