वाटा घेण्यापूर्वी तो विकण्याची अट पाहावी

सुट्टीचे घर अनेकांनी मिळून हिश्श्यांनी विकत घेतले, तर आठव्या हिश्श्यात वर्षाला सुमारे ४५ दिवसच ते मिळते, म्हणून अशी सहमालकी म्हणजे टाइमशेअरच (दरवर्षी ठरावीक दिवस घर वापरण्याची योजना) होय, असे काहींचे मत आहे; ते मला पटत नाही. टाइमशेअरमध्ये अनेकदा केवळ वापराचा हक्क मिळतो. सहमालकीत मालकीचा वाटा मिळतो, मात्र अनेकदा तो थेट घराचा नसून, घर ज्या कंपनीच्या नावावर असते तिच्या समभागांच्या रूपात असतो. त्यामुळे वाटा विकताना सहमालकांना प्रथम विचारण्याचे बंधन आहे का, एखाद्याने देखभालखर्च थकवल्यास तो कोणावर पडतो आणि वारसाहक्काला कोणत्या देशाचा कायदा लागू होतो, हे वकिलाकडून करारात तपासून घ्यावे. विक्रीची वाट स्पष्ट नसेल, तर मी सही करणार नाही. सुट्ट्यांच्या हंगामातील आठवडे दरवर्षी फिरते असतात का, हेही अवश्य विचारावे.