आईचा पासपोर्ट उद्या पाचपर्यंत द्यायचा आहे, इस्राएलच्या शिक्क्याचं कोणाला नक्की माहीत आहे?

प्रेषक: सदरवाली

मंडळी, नमस्कार.

मी पंधरा तारखेपर्यंत नागपुरात आहे. आईच्या यात्रेचं सगळ्यांना ठाऊकच आहे, मागच्या नाताळच्या जेवणात तिने पंगतीत फिरून सांगितलं होतं, खजिनदारांना तर दोनदा. तर उद्या संध्याकाळी पाचला एजंट पासपोर्ट गोळा करायला चर्चच्या हॉलमध्ये येतोय. आणि आज दुपारी धाकटीचा कुवेतहून फोन: ताई, देऊ नकोस, आईच्या पासपोर्टावर इस्राएलचा शिक्का बसला तर इकडे येता येणार नाही.

धाकटीचे दिवस जूनमध्ये भरतात. बाळंतपणाला आई हवीच. यात्रा ईस्टरनंतर लगेच, एप्रिलमध्ये.

कार्यक्रम असा: मुंबई ते अम्मान, नबो डोंगर, मग पूल ओलांडून इस्राएल. नासरेथ, काना, गालील, यरुशलेम, बेथलेहेम. तिथून ताबा नावाच्या सरहद्दीवरच्या गावातून इजिप्त, सीनाय पर्वत, कैरो, परत. 11 दिवस. सदर आणि कामठीच्या चर्चची मिळून 34 माणसं, पाळकसाहेब सोबत. आईने महिला मंडळातल्या भिशीचे पैसे तीन वर्षं यासाठी बाजूला ठेवलेत. ॲडव्हान्स भरून झालाय.

प्रश्न एकच. शिक्का लागतो की नाही?

प्रेषक: महालवाला

ताई, कायले टेन्शन घेऊन राहिली? शिक्का मारतच नाहीत ते. 2013 पासून बंद केलं. आत शिरताना निळी चिठ्ठी देतात, निघताना गुलाबी. दोन्ही सुट्या. चिठ्ठी सांभाळायची, परत आल्यावर टाकून द्यायची. माझ्या साल्याने टाकली. देऊन टाक पासपोर्ट, आणि आईले सांग तिकडचं तेल आणजो थोडं.

प्रेषक: धरमपेठ काका

अर्धवट माहिती देऊ नये. इस्राएल शिक्का मारत नाही हे खरं. पण ताब्याला माणूस इस्राएलमधून बाहेर पडून चालत इजिप्तमध्ये शिरतो, आणि इजिप्तवाले मारतात की शिक्का! त्यावर ताबा लिहिलेलं असतं. ताब्याच्या पलीकडे इस्राएलशिवाय दुसरं काय आहे? कुवेतच्या काउंटरवरचा माणूस तेच बघतो. इस्राएलला जाऊन आलेला माणूस ओळखायला त्याला इस्राएलचा शिक्का लागत नाही.

अम्मानकडून जो पूल आहे (एक नाव ॲलनबी, दुसरं किंग हुसेन, पूल एकच) तिथे जॉर्डनवाले पासपोर्टावर सहसा शिक्का मारत नाहीत, कारण पलीकडचा भाग ते परदेश धरत नाहीत. म्हणजे जाताना अडचण नाही, अडचण इजिप्तकडे निघताना. शिवाय ग्रुपचा व्हिसा वेगळ्या कागदावर की पासपोर्टात चिकटवलेला, हे एजंटाकडून लेखी घे. तोंडी नाही. एजंट तोंडी सगळ्याला हो म्हणतात.

मी हिस्लॉप कॉलेजात भूगोल शिकलो आहे, हे नकाशे मला पाठ आहेत.

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांना विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. धार्मिक यात्रांची चर्चा वैयक्तिक मेलवर करावी, असं आपलं मागच्या सर्वसाधारण सभेत ठरलं होतं. गुढीपाडव्याच्या हॉलचं डिपॉझिट अजून नऊ जणांकडून यायचं आहे, त्याला मात्र कोणी उत्तर देत नाही.

प्रेषक: वसईवाली

कार्यवाह, आषाढीला पंढरपूरच्या गाडीची चौकशी याच लिस्टवर चार दिवस चालली होती. रिझर्व्हेशन कुठल्या खिडकीवर करायचं इथपर्यंत. तेव्हा कोणाला सभा आठवली नाही. माझं डिपॉझिट मी दिलंय, पावती खजिनदारांकडे आहे.

सदरवाली, शिक्क्याचं काकांना विचार, मी बाकीचं सांगते. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. बेथलेहेमच्या चर्चचं दार चार फुटांचं आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. नम्रतेचं दार म्हणतात त्याला. आईंच्या गुडघ्यांना वाकायला हरकत नाही, पण खाली गुहेत उतरायच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. तिथे जमिनीवर चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे, त्याला हात लावायला लोक गुडघ्यांवर बसतात. आमच्या सासूबाई बसल्या त्या उठेचनात. मागे रांग. शेवटी एका इथिओपियन बाईने आणि मी मिळून उचललं.

आणि यरुशलेममध्ये दुःखमार्गावर, म्हणजे येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेवर, चौदा स्थानकं आहेत. नऊ रस्त्यावर आणि शेवटची पाच पवित्र कबरेच्या चर्चमध्ये. तो रस्ता म्हणजे भर बाजार. इतवारीत दिवाळीच्या आदल्या दिवशी शिरलात तर जसं वाटेल तसं, वर दगडी पायऱ्या. व्हीलचेअरचा उपयोग नाही. काठी द्या.

त्या चर्चची गंमत म्हणजे आत सहा पंथांचे लोक नांदतात: ग्रीक, आर्मेनियन, आमचे कॅथलिक, कॉप्टिक, सीरियन, इथिओपियन. कोण कुठला खांब झाडणार यावरूनही भांडणं. म्हणून दाराची किल्ली शेकडो वर्षं एका मुसलमान घराण्याकडे आहे आणि दार उघडायचं काम दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. दर्शनी भागावरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तशीच टेकलेली आहे. काढायची कोणी, यावर एकमत नाही.

प्रेषक: खजिनदार

वसईवालींच्या मेलमधला किल्लीचा उल्लेख कोणाकडे रोखून आहे ते न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. ढोलांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे कारण मागच्या वर्षी दोन टिपऱ्या आणि एक ताशा कमी भरला. ती कोणाला द्यायची हे कार्यकारिणीने लेखी कळवावं.

प्रेषक: पेणकर

आईंना तिकडे मराठी बोलायला माणूस मिळेल, ती काळजी करू नका. आमच्या पेणच्या आळीतली बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, कुटुंबं 1948 नंतर एकेक करून तिकडे गेली. दिमोना, अश्दोद, लोद, बीर शेवा, सगळीकडे आहेत. म्हातारी माणसं अजून अस्सल कोकणी वळणाची मराठी बोलतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं. माझी आजी शेजारून आलेला मलिदा देवापुढे ठेवून मग खायची.

एक उपयोगाचं: हॉटेलं कोशर असतात, म्हणजे खाणं यहुदी धर्माच्या नियमांप्रमाणे. रात्रीच्या जेवणात मटण-चिकन असलं की त्या पंगतीत दूध येत नाही. चहा काळाच. आईंना जेवणानंतर दुधाचा चहा लागत असेल तर दुधाची पावडर पिशवीत असू द्या आणि खोलीत करून घ्यायला सांगा. शुक्रवारी संध्याकाळपासून त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून लिफ्टही आपणहून प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. आमचे एक काका त्या लिफ्टमध्ये बारा मजले बटण दाबत उभे होते.

प्रेषक: महालवाला

काका बरोबर हायेत, ताब्याचं मले माहीत नव्हतं. मग सोपं हाय ना ताई. आईले म्हणा सीनाय सोड. इस्राएल झालं की त्याच पुलावरून परत अम्मानला ये, तिथून मुंबई. कागदावर काहीच नाही. कुवेतले विचारलं तर सांगायचं, जॉर्डनले गेलो होतो. खोटं बी नाही ते! यार्देन नदी, नबो डोंगर, सगळं जॉर्डनमध्येच हाय. निळी चिठ्ठी अम्मानलेच फाडून टाका.

प्रेषक: धरमपेठ काका

पुन्हा अर्धवट. ग्रुप व्हिसावर गेलेला माणूस मधून एकटा फुटू शकत नाही. 34 जणांचा कागद एक असतो, सगळे एकत्र शिरतात, एकत्र निघतात. एकट्या बाईला पुलावर पाठवायला पाळकसाहेब तयार होतील का? आणि तो पूल आज उघडा, उद्या बंद, असं चालतं.

सीनायबद्दल मात्र मी सहमत आहे. 2,285 मीटर. रात्री दोनच्या सुमाराला चढायला लागतात, सूर्योदयाला वर. निम्म्याहून जास्त वाट उंट नेतो, पण शेवटच्या साडेसातशे पायऱ्या आपल्या पायांनी. खाली सेंट कॅथरीनचा मठ आहे, सहाव्या शतकातला, तो बघून हॉटेलात झोपावं.

प्रेषक: कोथरूडची वहिनी

तुम्ही सगळे शिक्क्यावर भांडताय. तिकडची परिस्थिती कोणी विचारात घेतलीय का? माझ्या नणंदेच्या ग्रुपची यात्रा ऑक्टोबर 2023 नंतर रद्द झाली. एजंट (नाव घेत नाही, मुंबईचा होता) म्हणाला पैसे परत नाहीत, क्रेडिट घ्या. वर्षभराने त्या क्रेडिटवर त्यांना तुर्कस्तानला नेलं, बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या सात मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चच्या) जागा दाखवायला. इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे. इफिस छानच आहे म्हणे. पण नणंद म्हणते, मला बेथलेहेम हवं होतं, मला खांब दाखवले.

इन्शुरन्सचा कागद नीट वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये युद्धामुळे रद्द झालं तर काही मिळत नाही, अगदी बारीक अक्षरात असतं. रद्द झाल्यास रोख परत की क्रेडिट, आणि क्रेडिट किती महिने चालणार, हे ॲडव्हान्सच्या पावतीवर लिहून घ्या.

सदरवाली, तुझी आई बरी आहे ना? गुडघ्याचं तेल मिळालं का?

प्रेषक: सदरवाली

सगळ्यांचे आभार. तेल मिळालं, वहिनी.

काकांनी सांगितल्याप्रमाणे एजंटाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, काही होत नाही मॅडम, हजारो लोक जातात. लेखी द्या म्हटल्यावर आवाज बदलला. ताब्याला शिक्का लागतो हे त्याने कबूल केलं. मधून फुटता येणार नाही, हेही.

मग रात्री जेवताना आईला महालवाल्यांची युक्ती सांगितली. म्हटलं, पुलावरून परत येणारा दुसरा ग्रुप मिळाला तर तुझं नाव त्यात घालू. बेथलेहेम होईल, यरुशलेम होईल, फक्त सीनाय राहील. आणि कुवेतला कोणी विचारलं तर जॉर्डनला गेले होते एवढंच म्हणायचं.

ती वरण वाढत होती. म्हणाली, यरुशलेमात ते कोंबड्याचं चर्च आहे ना, पाळकसाहेबांनी चित्र दाखवलं ते? आहे, म्हटलं. पेत्राने येशूला ओळखत नाही म्हणून तीन वेळा नाकारलं ती जागा. म्हणाली, मग मी तिथे जाऊन काय प्रार्थना करू? प्रभू, आता इथे डोकं टेकते आणि पुढच्या महिन्यात विमानतळावर तुला ओळखत नाही म्हणून सांगते?

मी गप्प. भाऊ हसला, तर त्यालाही बोलणी बसली.

तिने स्वतःच मार्ग काढला. पाळकसाहेबांना फोन केला. दुसरा ग्रुप नोव्हेंबरमध्ये निघतोय, अमरावतीच्या मंडळीबरोबर. आधी बाळंतपण, बाळाला तीन महिने झाले की परत, मग यात्रा. नोव्हेंबरनंतर पासपोर्टावर ताबा बसला तरी बसू दे, म्हणते, कुवेतला पुन्हा यायचं झालं तर नवा पासपोर्ट निघेस्तोवर नातू इकडे येईल. एजंट ॲडव्हान्स नोव्हेंबरला वळवायला तयार आहे, पाच हजार कापून. वहिनींनी सांगितलेलं रोख-क्रेडिटचं पावतीवर लिहून घेतलं. त्याने तीनदा पेन खाली ठेवलं, आईने तीनदा उचलून दिलं.

सीनाय मात्र ती सोडत नाही. उंटावर बसणार म्हणते.

प्रेषक: वसईवाली

आईंना माझा सलाम सांग. नोव्हेंबर उत्तमच, उन्हाळा नसतो, पण यरुशलेम उंचावर आहे, रात्री स्वेटर लागतो. यार्देनचं पाणी बाटलीत आणायचं असेल तर हँडबॅगेत नको, विमानतळावर काढून घेतील. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. माझी फुटली, सासऱ्यांच्या कोटाला मृत समुद्राचं मीठ आणि यार्देनचं पाणी, दोन्ही लागलं.

प्रेषक: धरमपेठ काका

एक सांगायचं राहिलं. तुमचा ग्रुप सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) आहे, त्यामुळे गाइड दमास्कस दरवाज्याबाहेरच्या बागेतल्या कबरेकडे नेईल. शांत जागा आहे, प्रभुभोजनही होतं. पण पुरातत्त्ववाल्यांच्या मते ती कबर येशूच्या काळाच्या कित्येक शतकं आधीची आहे. खरी जागा म्हणून चौथ्या शतकापासून मान आहे तो पवित्र कबरेच्या चर्चला. दोन्ही बघावं.

प्रेषक: सदरवाली

काका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, कबर रिकामी आहे ना? मग कुठली का असेना.

प्रेषक: महालवाला

आई जिंकली.

प्रेषक: कार्यवाह

विषय संपला असं धरतो. आईंना शुभेच्छा, गैरसमज नसावा. हॉलचं डिपॉझिट आता आठ जणांकडून यायचं आहे. ढोलांच्या कपाटाची किल्ली खजिनदारांनी शुक्रवारच्या सरावाआधी कोणाकडे तरी द्यावी.

प्रेषक: खजिनदार

कोणाकडे ते लिहा.

प्रेषक: वसईवाली

आमच्या खालच्या मजल्यावर हैदराबादचे एक चाचा राहतात. संध्याकाळी सहानंतर घरीच असतात. विचारू का?