मदत हवी आहे: थंडीत रेड वाईन म्हणतात, पण थंडी कोकणातली असेल तर?

नमस्कार मंडळी,

अलिबागजवळ आमचं घर. दिवाळीनंतर पुण्याहून मेव्हणा आला तो नाशिकच्या शिराझ या रेड वाईनच्या दोन बाटल्या ठेवून गेला. वर बजावलं, "दाजी, थंडी पडली की उघडा. थंडीत रेडच."

आता आमची थंडी ती काय! गेल्या रविवारी ओटीवरच्या थर्मामीटरने पहाटे 18 दाखवले, तर आईने कानाला मफलर गुंडाळला. दुपारी परत 30. तरी म्हटलं हीच आपली थंडी, आणि रात्री बाटली उघडली. स्वयंपाकघरातल्या फडताळातून थेट ग्लासात. सोबत तव्यावरून उतरवलेली, झणझणीत मसाल्याची सुरमई.

पहिल्या घोटाला नाकात नुसतं स्पिरिट. सुरमईचा घास खाऊन दुसरा घेतला, तर लहानपणी गंजक्या नळाला तोंड लावून पाणी प्यायचो ती लोखंडी चव. वर जीभ कच्ची सुपारी चघळल्यासारखी आवळलेली. बायकोने एक घोट घेतला, ग्लास माझ्याकडे सरकवला आणि सोलकढीची वाटी तोंडाला लावली. मेव्हण्याला फोन केला तर म्हणतो, "रूम टेंपरेचरलाच प्यायची असते." अरे, तशीच तर प्यायलो!

येत्या शनिवारी वाडीत पोपटी लावतोय, म्हणजे मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायचा बेत. दुसरी बाटली तिथे उघडू की मेव्हण्याला परत करू? आणि हे थंडीचं नक्की काय प्रकरण आहे? अंग गरम होतं एवढंच?

प्रतिसाद
बाटली बिचारी निर्दोष आहे. त्या 'रूम टेंपरेचर'मधली रूम युरोपातली, तीही घरोघरी हीटर येण्याआधीची. म्हणजे 15 ते 18 अंश. तुमच्या फडताळात 28-30 असणार. शिराझमध्ये साधारण 13-14 टक्के अल्कोहोल असतं, ते एवढ्या उष्म्यात भराभर उडतं आणि नाकात जातं. पण म्हणून बिअरसारखी गारठवूही नका, मग तुरटपणा आणखी टोचतो. थंड मुलखात हिवाळ्यात बाटली कोपऱ्यात ठेवली तरी आपसूक नेमकी होते, आपल्याकडे तेवढ्यासाठी फ्रीज वापरायचा. तासभर पुरे.

दुसरं कारण ताटातलं. रेड सालीसकट आंबवतात, त्यामुळे द्राक्षाच्या साली आणि बियांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य तिच्यात उतरतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड आवळतं. समोर मटण, चरबी असं काही असलं की तोच तुरटपणा मऊ पडतो, आणि असं जड खाणं माणूस थंडीतच आवडीने खातो. सुरमईशी मात्र तिचं वाकडंच. रेडमधल्या लोहामुळे मासळीबरोबर हिवस चव येते, हे जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवून दिलंय. त्यात तुमचा मसाला! अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. तुम्ही एका रात्रीत सगळ्याच चुका करून मोकळे झालात.

प्रतिसाद
परत करायचीच असेल तर मी पेणला राहतो. येता-जाता घेऊन जाईन.

प्रतिसाद
अंग गरम होतं हा भास आहे हो. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेरच जात असते. तेव्हा पोपटीनंतर वाडीत नुसत्या बनियनवर बसू नका. घोट घेतलेल्यांच्या हातात गाडीची चावी तर देऊच नका.

प्रतिसाद
जर्मनीत नाताळच्या बाजारात रेड गरम करून देतात, ग्ल्यूवाईन म्हणतात. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, साखर. उकळी मात्र येऊ द्यायची नाही, अल्कोहोल 78 अंशांनाच उकळतं. वाफ दिसली की उतरवायची. वाडीत जायफळ असेल तर त्याची जायपत्री टाकून बघा. चांगली बाटली यात घालवू नका, उरलीसुरली चालते.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. शनिवारचा वृत्तांत देतो.

बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवली आणि ओल्या पंचात गुंडाळून वाडीत नेली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मधोमध केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. या वेळी तिखट मुद्दाम निम्मं ठेवलं, त्यावर मुलांची कुरकुर झालीच. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा पेटवला.

पान सोडलं तेव्हा कोंबडीच्या कातडीचं तूप झालं होतं. त्या घासावर घोट घेतला आणि खरंच, ही ती रविवारची वाईन वाटेना. स्पिरिटचा भपका गेला, काळ्या मिरीसारखं काहीतरी मागे रेंगाळलं. अंड्याबरोबर अजिबात जमली नाही. शेंगांबरोबर ठीक, पण भांबुर्डीचा वास एवढा दांडगा की त्यापुढे वाईनचं फार चालत नाही. बायकोने या खेपेला ग्लास स्वतःहून पुढे केला. मेव्हण्याला अजून कळवलेलं नाही, तो लगेच श्रेय घेईल.

बाटलीत चार बोटं उरलीत. आज रात्री ती दालचिनी, लवंग घालून गरम करतोय. एवढ्याला साखर किती घालू, तेवढं कुणीतरी सांगा.