ती रिकामी जागाच ऐकायची आहे

ड्रम नसल्यामुळे गिटार आणि डबल बास (खर्जात वाजणारं मोठं तंतुवाद्य) यांची जोडी रिकामी वाटते, असं कुणीतरी म्हटलंय. मला तर त्या रिकाम्या जागेचंच वेड आहे. जॅझ गिटारवादक जिम हॉल आणि बासवादक रॉन कार्टर यांचा १९७२ चा अल्बम 'अलोन टुगेदर' ऐका. लाइव्ह रेकॉर्डिंग आहे. हॉल दोन-तीन सुरांचा कॉर्ड हलकेच ठेवून थांबतो, आणि लय पूर्णपणे कार्टरच्या बोटांवर येते. तरी ती जराही डगमगत नाही! मग कार्टर सोलो घेतो तेव्हा हॉल इतकं कमी वाजवतो, की तारेवर बोट सरकल्याचाही आवाज कानाला जाणवतो.

एक मात्र करा, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची, गिटारची ८२, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. छोट्या स्पीकरमधून तो खर्ज येतच नाही, मग जोडी रिकामी वाटणारच. हेडफोन लावा आणि एकदा फक्त बासच्या मागे जा.

बासवादक चार्ली हेडन आणि गिटारवादक पॅट मेथेनीचं १९९७ चं 'बियाँड द मिझुरी स्काय'ही सुंदर आहे, पण त्यात मेथेनीने इतर वाद्यंही भरली आहेत. सुरुवात हॉल-कार्टरपासूनच करा.