मदत हवी आहे: फ्रंटएंड कोडसाठी स्थिरतेचं धोरण कसं ठरवावं?

नमस्कार मंडळी,

एका मुक्तस्रोत प्रकल्पात मी मेंटेनर आहे. बहुतेक सगळे स्वयंसेवक, आणि आमच्या कोडवर बाहेरच्यांनी बांधलेली प्लगइन्स नि थीम्स भरपूर. सर्व्हरच्या बाजूला नियम अंगवळणी पडलेला आहे: फंक्शन आधी डेप्रिकेट करायचं (म्हणजे 'हे पुढे जाणार' असं जाहीर करायचं), एक मेजर, म्हणजे मोठ्या बदलांची, आवृत्ती तसंच ठेवायचं, मग काढायचं. फ्रंटएंडला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाला, मात्र असा काही नियमच नाही. तिथे ज्याची पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) तो राजा.

मागच्या आवृत्तीत कुणीतरी साइडबारभोवतीचा एक बिनकामाचा वाटणारा डिव्ह (एचटीएमएलमधला साधा डबा) काढला. कोड सुटसुटीत झाला, सगळ्या टेस्ट हिरव्या. आणि बऱ्याच थीम्समध्ये साइडबार मजकुराच्या खाली जाऊन बसला, कारण त्यांचा सीएसएस सिलेक्टर (सजावट कुठल्या घटकाला लावायची ते सांगणारा भाग) नेमका त्या डिव्हवर टेकला होता. थीमवाले म्हणाले, आधी सांगितलं का नाही? आमचे लोक म्हणाले, त्याच्यावर विसंबायला सांगितलं कुणी? दोघांचंही खरं आहे, म्हणून तर अडलंय.

धोरणाचा मसुदा माझ्या गळ्यात पडला आहे. 'सार्वजनिक', म्हणजे बाहेरच्यांनी विसंबावं असं, नक्की कशाला म्हणायचं? जावास्क्रिप्ट फंक्शन्सचं समजू शकतो. पण क्लासची नावं, एचटीएमएलची रचना, सीएसएस व्हेरिएबल्स (रंग, मापं अशा किमतींना दिलेली नावं) यांचं काय? शिवाय धोरण आलं की फ्रंटएंड गोठणार, अशी आमच्यातल्या काही जणांना धास्ती आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सुरुवात 'यादीत आहे तेवढंच सार्वजनिक, बाकी सगळं आतलं' इथून करा. वचन लहान असलं तरच पाळलं जातं. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, त्याच्या पीएचपी कोडसाठी असं धोरण आहे, ते वाचा. बाहेरच्या कोडने एखादं फंक्शन वापरणं वेगळं आणि एखादा पीएचपी क्लास एक्स्टेंड करणं (त्यावर आपला क्लास बांधणं) वेगळं, असं तिथे मानतात. एक्स्टेंड करू द्यायचं असेल तर कोडच्या कॉमेंटमध्ये तशी खूण लागते. वेगळ्या कागदावरची यादी शिळी होते, कोडमधली खूण रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते.

मुदतीसाठी अँग्युलर या फ्रंटएंड फ्रेमवर्कचा नमुना घ्या. डेप्रिकेट केलेली गोष्ट पुढच्या दोन मेजर आवृत्त्यांपर्यंत ठेवायची, म्हणजे साधारण वर्षभर. आणि प्रयोग चालू असेल तर रिअ‍ॅक्ट लायब्ररीसारखं नावाच्या आधीच 'अनस्टेबल' जोडून टाका. नंतर तक्रारीला जागा नको.

प्रतिसाद २

यादीला माझा विरोध नाही, पण लोक यादी वाचत नाहीत, दिसतं ते वापरतात. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेला 'फ्लॅटन' ही मेथड यायची होती. जुनी मूटूल्स लायब्ररी त्याच नावाची स्वतःची मेथड अ‍ॅरेला जोडायची आणि मग लूप फिरवून अ‍ॅरेच्या मेथड आपल्या दुसऱ्या ऑब्जेक्टवर उतरवायची. ब्राउझरची मेथड आली की मूटूल्सची मेथड त्या लूपला दिसेनाशी होणार आणि जुन्या साइट मोडणार. शेवटी जावास्क्रिप्टच्या प्रमाण समितीनेच नाव बदलून 'फ्लॅट' केलं!

वर्डप्रेसचंही बघा. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीत जेक्वेरी मायग्रेट (जेक्वेरी लायब्ररीवरचा जुना कोड चालू ठेवणारी पुरवणी) बंद झालं, आणि मोडलेल्या साइटसाठी त्यांच्याच टीमला एक मदतनीस प्लगइन द्यावं लागलं. तात्पर्य, काहीही काढण्याआधी सार्वजनिक प्लगइन्सच्या कोडमध्ये ते नाव शोधा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नाव शोधणं पटलं, तेवढी स्क्रिप्ट आजच लिहितो. पण साइडबारच्या डिव्हला नावच नव्हतं. शोधणार काय?

प्रतिसाद ३

खरी मेख तिथेच आहे. फंक्शन जाताना ओरडू शकतं. मीडियाविकीत त्यासाठी सोय आहे: जुन्या नावाला कुणी हात लावला की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये इशारा उमटतो. क्लास किंवा डिव्ह गेला तर सीएसएसमध्ये एररसुद्धा येत नाही, नियम लागू होत नाही एवढंच. म्हणून दोघांना एकच कलम लावू नका.

फंक्शन्स आणि इव्हेंटना इशारा आणि मुदत द्या. क्लासचं नाव बदलायचं तर एक पूर्ण मेजर आवृत्ती जुनं-नवं दोन्ही मार्कअपमध्ये ठेवा. बूटस्ट्रॅप या सीएसएस फ्रेमवर्कच्या ५ व्या आवृत्तीत 'एमएल-३' या क्लासचं 'एमएस-३' झालं, 'डेटा-टॉगल'चं 'डेटा-बीएस-टॉगल' झालं. कारणं रास्त होती (पहिलं उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी), पण शोधून-बदलून लोकांची बोटं दुखली.

व्हेरिएबल्समध्ये एक खाच आहे. जुन्या नावाला नव्याची किंमत देऊन काम भागत नाही, कारण थीम जुनंच नाव सेट करत असते आणि ते आता कुणी वाचतच नाही. जिथे वापर आहे तिथेच लिहा: नवं नाव, ते नसेल तर जुनं, तेही नसेल तर मूळ किंमत.

एचटीएमएलच्या रचनेबद्दल काहीही वचन देऊ नका, आणि तसं मोठ्या अक्षरांत लिहा. त्या बदल्यात थीमवाल्यांना टेकायला नावं द्या. साइडबार, मुख्य मजकूर, तळपट्टी अशा मोजक्या जागांचे क्लास स्थिर म्हणून जाहीर करा. यादीबाहेरचं सगळं हलवायला तुम्ही मोकळे. गोठण्याची धास्ती असलेल्यांना हेच दाखवा, आज त्यांना हेही मोकळेपण नाही, प्रत्येक डिव्हवरून भांडण होतं.

धागाकर्ता

हे कामाचं आहे. रचनेला वचन नाही, जागांना आहे, असा मसुदा बदलतो. सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी मुदत मोडावी लागली तर निर्णय कुणाचा?

प्रतिसाद १

एकट्याचा नको. दोन मेंटेनरची संमती आणि रिलीज नोट्समध्ये कारण, एवढं पुरे. धोरण रिपॉझिटरीतच ठेवा, म्हणजे रिव्ह्यूमध्ये कलमाचा दुवा देता येईल. आणि लागू पुढच्या मेजरपासून करा, आधीचे हिशेब उकरू नका. मसुदा झाला की इथेच टाका, बघतो.