प्रतिसाद: पदवीच्या काळातील कामाचा अनुभव

शिकत असताना काम केल्यास अभ्यास मागे पडतो, त्यामुळे पदवीनंतरच अनुभवाचा विचार करावा, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यातच तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी (क्रेडिट) २ ते ४ उन्हाळी प्रशिक्षणासाठी (इंटर्नशिप) राखलेले आहेत. मात्र प्रमाणपत्रापुरते प्रशिक्षण घेऊन काहीच हाती लागत नाही, हेही खरे.

रसायनशास्त्राचा विद्यार्थी गोव्यातील वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यातील गुणवत्ता विभागात काही आठवडे बसला, तर नोंदवहीत चुकलेला आकडा गिरवायचा किंवा पुसायचा नसतो, त्यावर एकच आडवी रेघ मारून बाजूला योग्य आकडा, सही आणि तारीख टाकायची असते, हे त्याच्या अंगवळणी पडते. महाविद्यालयीन प्रयोगवहीत मात्र शेजाऱ्याचे निष्कर्ष उतरवण्याची सवय अनेकांना असते (शिक्षकांनाही ते ठाऊक असते).

गोव्याच्या पर्यटन हंगामातील हॉटेलकामाबद्दल मी जरा सावध आहे. तो हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे नेमका सत्रांच्या काळात चालतो. त्यात रात्रपाळी संपवून पहाटे घरी परतलेला मुलगा सकाळच्या तासिकेला ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात पोहोचला, तरी त्याचे लक्ष कितपत लागणार? म्हणून ज्यांना पैशांची निकड नाही, त्यांनी उन्हाळी सुट्टीच निवडावी, आणि रुजू होण्यापूर्वी काम कोणते, देखरेख कोणाची आणि विद्यावेतन किती, हे लेखी मागून घ्यावे.